खासगी कंपनीत गैरव्यवहार कळवला तर नोकरी वाचवणारं कलम नेमकं कोणतं?

कागदोपत्री
"व्हिसलब्लोअर कायद्याने तुम्हाला पूर्ण संरक्षण आहे" हे वाक्य प्रत्येक एचआर प्रशिक्षणात असतं. कोणता कायदा, कोणतं कलम, असं विचारलं की स्लाइड पुढे सरकते. म्हणून हा धागा.

तीन प्रसंग धरू.

क) शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतला लेखा व्यवस्थापक. तिमाही संपायच्या आदल्या दिवशी विक्रीची मोठी बिलं फाडली जातात आणि पुढच्या आठवड्यात क्रेडिट नोट काढून तोच माल परत घेतला जातो, हे त्याच्या लक्षात आलंय.

ख) बाजारात नोंद नसलेल्या मध्यम कारखान्यातला फिटर. उत्पादन वाढावं म्हणून पॉवर प्रेसचा गार्ड काढून ठेवलाय, इंटरलॉक बायपास केलाय.

ग) केंद्र सरकारच्या उपक्रमातला खरेदी विभागातला कनिष्ठ अधिकारी. निविदेच्या अटी एकाच ठेकेदाराच्या मापाने शिवल्या जातात.

तिघांनी तक्रार केली तर कुणाच्या पदरात काय पडतं? "माझ्या मेव्हण्याच्या कंपनीत" छापाचे किस्से नकोत. कलमं, मुदती, पायऱ्या आणि कुठे माशी शिंकते तेवढं लिहा.

खिडकीतला_बाबू
सगळ्यात भक्कम संरक्षण म्हणजे दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर. ह. घ्या.

लेजरबुवा
स्लाइडवर बहुतेक २०१४ चा व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन अ‍ॅक्ट असतो. संसदेत मंजूर झाला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना काही निघाली नाही. २०१५ चं दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि बारगळलं. थोडक्यात, कायदा पुस्तकात आहे, कोर्टात नाही.

आणि लागू असता तरी क आणि ख यांना त्याचा उपयोग नव्हताच. तो लोकसेवकांच्या भ्रष्टाचाराबद्दलच्या तक्रारींसाठी आहे. निनावी तक्रार त्यात चालत नाही, ७ वर्षांहून जुनी बाब घेत नाहीत, जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर २ वर्षांपर्यंत कैद. त्यातली एक तरतूद मात्र हेवा वाटावा अशी आहे: तक्रारीनंतरची कारवाई सूडाची नव्हती हे दाखवायचा भार कार्यालयावर टाकलाय. इकडे खासगीत नेमकं उलटं, सूड होता हे काढून टाकलेल्या माणसानेच शाबीत करायचं.

कलमकसाई
लेजरबुवांना +१.

क साठी आधार म्हणजे कंपनी कायदा २०१३, कलम १७७ ची पोटकलमं ९ आणि १०. व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरव्यवहार कळवण्याची अधिकृत वाट, ठेवणं बंधनकारक आहे ते तीन प्रकारच्या कंपन्यांना: बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या, आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या. तिसरा प्रकार लोक विसरतात. कागदोपत्रींच्या ख चा कारखाना नोंदलेला नसला तरी कर्ज ५० कोटींच्या वर असेल तर तिथेही हे लागू. कंपनीची गहाण-तारण नोंद कॉर्पोरेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्यात कर्जाचा अंदाज येतो.

कलमात दोन गोष्टी हव्यात म्हटलंय. छळापासून पुरेसं संरक्षण, आणि अपवादात्मक प्रसंगी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाकडे थेट जाण्याची सोय. ऑडिट कमिटी नसेल तिथे संचालक मंडळाने एक संचालक नेमून द्यायचा. धोरण संकेतस्थळावर टाकायचं आणि संचालकांच्या अहवालात त्याचा उल्लेख करायचा.

आता कडू भाग. यंत्रणा उभारली नाही तर कंपनीला ५ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला १ लाख दंड आहे. पण यंत्रणा आहे आणि तरीही तक्रारदाराला हाकललं, तर "त्याला परत घ्या" असा आदेश मागायची वाट या कलमात नाही.

अनुराधा_१७
म्हणजे "पुरेसं संरक्षण" हे शब्द नुसते शोभेचे? मग क ने जायचं कुठे?

कलमकसाई
शोभेचे नाहीत अनुराधाताई, पण दात लहान आहेत. क ने कुठे जायचं ते तो "कामगार" आहे की नाही यावर ठरतं. अख्ख्या धाग्यात हाच सगळ्यात मोठा मुद्दा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. औद्योगिक विवाद कायदा १९४७ ची जागा औद्योगिक संबंध संहिता २०२० ने घेतली. तिच्यात कामगार म्हणजे अंगमेहनत, कुशल-अकुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं काम करणारा. वगळलेत दोघे: व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा, आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त वेतन घेणारा देखरेख करणारा. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०,००० होती.

कामगार असाल तर न्यायाधिकरण तुम्हाला कामावर परत घ्यायला लावू शकतं, मागच्या पगारासह. नसाल तर तुमची नोकरी हा वैयक्तिक सेवेचा करार. तो विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४ मुळे कोर्ट जबरदस्तीने चालू ठेवत नाही. दिवाणी दावा लावा, नुकसानभरपाई मागा, आणि पदरात साधारण नोटीस काळाचा पगार. खासगी कंपनीविरुद्ध रिट, म्हणजे उच्च न्यायालयात थेट अर्ज, सहसा टिकत नाही. ग च्या उपक्रमाविरुद्ध मात्र टिकतं, कारण तो "राज्य" या व्याख्येत बसतो.

पाळीप्रमुख
वरच्यात एक भर. हुद्दा बघत नाहीत, काम बघतात. हल्ली झाडून सगळे "असिस्टंट मॅनेजर" असतात, पण रजा मंजूर करायचा अधिकार नाही, कुणाला नेमायचा-काढायचा नाही, खर्चाच्या कागदावर सही नाही, दिवसभर व्हाउचर भरणं आणि ताळेबंद जुळवणं, असा माणूस कामगार ठरू शकतो. म्हणून तक्रार करायच्या आधीच आपल्या कामाचं स्वरूप दाखवणारे कागद गोळा करावेत: नेमणूकपत्र, कामाची यादी, आपला रजेचा अर्ज कोण मंजूर करतो, सिस्टीममध्ये कोणत्या पातळीपर्यंत मंजुरी देता येते. नोकरी गेल्यावर लॉगिन बंद होतं आणि यातलं काहीच हाती राहत नाही.

थेटभेट
तुम्ही सगळे आतल्या यंत्रणेवर भरवसा ठेवून बोलताय. तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याच टेबलावर ती दुपारपर्यंत पोचते. सरळ पोलीस, नाहीतर पत्रकार. आतल्या वाटेने जाणं म्हणजे पुरावा नष्ट करायला मुदत देणं.

लेजरबुवा
थेटभेट, अर्धं बरोबर. पुरावा पुसला जाण्याचा धोका खरा आहे. पण पत्रकाराकडे जाणाऱ्या नोकरदाराला आपल्याकडे कोणताही कायदा संरक्षण देत नाही. कंपनी गोपनीयतेचा भंग म्हणून काढेल, वर अब्रुनुकसानीचा खटला. अधिकृत यंत्रणेकडे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा अपवाद लागू होतो: ज्याला त्या बाबतीत कायदेशीर अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावनेने केलेला आरोप ही अब्रुनुकसानी नाही. ऑडिट कमिटी, कंपनी निबंधक, सेबी (शेअर बाजाराची नियामक), कारखाना निरीक्षक हे सगळे त्यात बसतात. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप बसत नाही.

क च्या प्रसंगात आणखी एक वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात: वैधानिक लेखापरीक्षक. कॅरो २०२० (लेखापरीक्षकाने अहवालात काय लिहायचं ते सांगणारा सरकारी आदेश) नुसार वर्षभरात कंपनीकडे आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारींचा आपण विचार केला का, हे त्यांना अहवालात लिहावं लागतं. आणि कलम १४३(१२) नुसार १ कोटी किंवा त्याहून मोठी अफरातफर दिसली तर केंद्र सरकारला कळवावं लागतं. ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाला पाठवलेल्या पत्राची प्रत लेखापरीक्षकालाही गेली की ते पत्र "मिळालंच नाही" असं म्हणणं कंपनीला जड जातं. लेखापरीक्षक कंपनीनेच नेमलेला, त्यामुळे माहिती बाहेर फोडल्याचा आरोपही लंगडा पडतो.

मिटिंगचे_मिनिट्स
तक्रार लिहायची कशी यावर कुणी बोललंच नाही. निम्म्या तक्रारी तिथेच मरतात.

पहिल्या परिच्छेदात आरोप एका वाक्यात. त्याखाली व्यवहार: बिल क्रमांक, तारीख, ग्राहक कोड, रक्कम, त्यापुढे परतीची क्रेडिट नोट आणि तिची तारीख. पाच व्यवहार नीट मांडलेले बरे, पन्नास मोघम नकोत. मग कोणी मंजुरी दिली, ते सिस्टीममधल्या यूजर आयडीसह. मग कागद कुठे सापडेल. शेवटी दोन मागण्या, लेखी: संबंधित मेलबॉक्स आणि सिस्टीम लॉग जपून ठेवा, आणि माझ्या सेवाशर्तींत बदल करू नका.

भाषेत "चोर", "लुटारू" नको. "नोंदी अशा दिसतात, चौकशी व्हावी" एवढंच. आणि आपली रखडलेली बढती, साहेबाचा तिरसट स्वभाव, कमी मिळालेली वाढ यातलं एक अक्षरही त्यात येऊ देऊ नका. ते आलं की अख्खं पत्र "वैयक्तिक तक्रार" म्हणून एचआरकडे वळवलं जातं आणि ऑडिट कमिटीपुढे कधी येतच नाही.

खिडकीतला_बाबू
आणि "सविनय सादर" ने सुरुवात करून "आपला आज्ञाधारक" ने शेवट करू नका. आज्ञा पाळली असती तर पत्रच लिहावं लागलं नसतं.

हॅशवाला
पुराव्याबद्दल. हमखास नोकरी जाते ती तक्रारीमुळे नाही, कंपनीच्या मेलवरून स्वतःच्या खासगी मेलवर फायली पाठवल्यामुळे. कंपनीच्या सिस्टीममध्ये बाहेर जाणाऱ्या फायलींची नोंद होते. दुसऱ्या दिवशी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली डेटाचोरीची नोटीस, आणि मूळ आरोप बाजूला राहून तुम्हीच आरोपी. पेनड्राइव्हचंही तेच.

त्यामुळे शक्यतो फाइल उचलू नका, पत्ता उचला. दस्तऐवज क्रमांक, फोल्डर, तारीख, वेळ हे सगळं वहीत हाताने लिहा. चौकशी यंत्रणा मूळ प्रत जप्त करू शकते. तुमच्या कामाच्या ओघात तुम्हालाच आलेला मेल, तुमचं नेमणूकपत्र, तुमचं मूल्यमापन एवढं जवळ असणं समर्थनीय ठरतं. ग्राहकांची अख्खी यादी ठरत नाही.

जे काही इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवाल त्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम ६३(४) लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या ६५-ब च्या जागी ते आलंय. प्रमाणपत्राचे दोन भाग: अ भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, अनुक्रमांक, फोन असेल तर आयएमईआय, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, लिहावी लागते. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने शा-२५६ हॅश मिनिटभरात निघते. फाइल हाती आली त्याच दिवशी काढा, वहीत लिहा, आणि ती फाइल पुन्हा सेव्ह करू नका. एक स्पेस जरी वाढली तरी हॅश बदलते.

मेलचा स्क्रीनशॉट कमजोर पुरावा. मेल हेडरसकट ईएमएल फाइल म्हणून जतन करा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश असतील तर तो हँडसेट विकू किंवा फॉरमॅट करू नका, प्रमाणपत्र त्या उपकरणाचं असतं.

अनुराधा_१७
फोनवरचं संभाषण रेकॉर्ड केलं तर?

कलमकसाई
संभाषणात तुम्ही स्वतः सहभागी असाल तर चालू शकतं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७३, सर्वोच्च न्यायालय: संबंधित, आवाज ओळखता येण्याजोगं आणि छेडछाड न झालेलं रेकॉर्डिंग ग्राह्य. पण दुसऱ्यांच्या बैठकीत फोन चालू ठेवून बाहेर पडणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

टपालहंस
ग कडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो.

सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरप्रकारांबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवायची विनंती करून. ते गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि २१ एप्रिल २००४ ला केंद्राने ठराव काढला, ज्याला सगळे पीआयडीपीआय म्हणतात. कायदा थंड बस्त्यात असल्याने आजही काम याच ठरावावर चालतं. तक्रार घेणारी यंत्रणा केंद्रीय दक्षता आयोग.

पद्धत जुनाट आहे, पण तिच्यामागे विचार आहे. तक्रार टपालानेच, बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावे. पाकिटावर ठळक "पीआयडीपीआय" लिहायचं, मात्र ते इंग्रजीतून. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पाकिटावर अजिबात नको. अशा पाकिटांना पाठवणाऱ्याच्या नावाचा आग्रह धरू नये अशी सूचना टपाल खात्याने कार्यालयांना दिलेली आहे. नाव-पत्ता आत, तक्रारीच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या पत्रात. तक्रार निनावी चालत नाही, कारण आयोग पुढे पत्र पाठवून "हे तुम्हीच लिहिलंत ना" अशी खात्री करून घेतो. त्या पत्राला वेळेत उत्तर दिलं नाही तर सगळं तिथेच थांबतं. पोच मिळत नाही, पाठपुराव्याची पत्रं लिहू नयेत.

ओळख फुटते ती आयोगाकडून नव्हे, मजकुरातून. "४ तारखेच्या बैठकीत मी हरकत घेतली होती" असं लिहिलंत की नाव खोडून काय उपयोग? स्वतःच्या नावाने माहिती अधिकारात मिळवलेले कागद जोडले तरी तेच. आणि आधी तीच तक्रार साध्या पत्राने मंत्रालयाला धाडली असेल तर गुप्ततेला अर्थ उरत नाही.

संकेतस्थळावरून किंवा मेलने केलेली तक्रार या ठरावाखाली येत नाही. राज्य सरकारचे कर्मचारीही येत नाहीत. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी लोकायुक्त, आणि लाच मागितली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४.

बँकेचा_शिपाई
खासगी बँकांसाठी वेगळी योजना आहे. रिझर्व्ह बँकेची प्रोटेक्टेड डिस्क्लोजर्स स्कीम, एप्रिल २००७ ची, खासगी आणि परदेशी बँकांसाठी. सरकारी बँका पीआयडीपीआयमध्ये. दोन्हीकडे बंद पाकीट. चुकीच्या पाकिटात घातलं की महिने जातात.

थेटभेट
बरं, सेबी बक्षीस देते म्हणतात. मग क ने नोकरी सोडून तेच का करू नये?

लेजरबुवा
कारण ते फक्त इनसायडर ट्रेडिंगसाठी आहे, म्हणजे जाहीर न झालेली आतली माहिती वापरून केलेल्या शेअर व्यवहारांसाठी. डिसेंबर २०१९ पासून माहिती देणाऱ्याला वसूल रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत बक्षीस, कमाल आधी १ कोटी, २०२१ पासून १० कोटी. ठरलेल्या नमुन्यात माहिती द्यायची, हवं तर वकिलामार्फत. क च्या प्रसंगात बिलं फुगवली एवढ्याने हे लागू होत नाही. निकाल जाहीर व्हायच्या आधी आतल्या कुणी शेअर विकले असतील तर होतं.

पैशापेक्षा त्यातलं दुसरं कलम मोलाचं. सेबीला माहिती दिली म्हणून काढणं, पदावनती, धमकी, छळ हे सगळं नियमांचं उल्लंघन, आणि माहिती देण्यापासून रोखणारी कराराची अट रद्दबातल. खासगी नोकरदाराला सूडापासून इतक्या स्पष्ट शब्दांत वाचवणारी तरतूद आपल्याकडे विरळाच.

मंजिरी_के
विरळा आहे, पण लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ चा कायदा आहे. विषय थोडा वेगळा, तरी त्यातलं एक हत्यार सगळ्यांना माहीत असायला हवं.

१० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तक्रार ३ महिन्यांत लेखी, कारण दिलं तर आणखी ३ महिने मुदतवाढ. सहा प्रती. चौकशी ९० दिवसांत, अहवाल पुढच्या १० दिवसांत, कंपनीची कारवाई ६० दिवसांत. आता हत्यार: कलम १२ आणि नियम ८. चौकशी चालू असताना तक्रारदार लेखी मागू शकते की आरोपीने माझ्या कामाचं मूल्यमापन करू नये, माझा गोपनीय अहवाल लिहू नये. शिवाय बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत जादा रजा. हे समिती आपणहून देत नाही, मागावं लागतं. बहुतेकींना अर्ज करायचं सुचतच नाही आणि मार्चमध्ये मूल्यमापनातून काटा काढला जातो.

खोट्या तक्रारीला शिक्षा आहे हे घाबरवायला सांगितलं जातं. त्याच कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की आरोप सिद्ध झाला नाही एवढ्याने तक्रार दुष्ट हेतूची ठरत नाही.

पाळीप्रमुख
आता ख. माझ्या मते तिघांत कायद्याने सगळ्यात मजबूत हाच, गंमत बघा.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२०. कलम १३ नुसार असुरक्षित स्थिती दिसली तर मालकाला कळवणं हे कर्मचाऱ्याचं कर्तव्य आहे. कर्तव्य केलं म्हणून गैरवर्तनाचं आरोपपत्र देता येत नाही, पत्रात हे कलम घातलंच पाहिजे. कलम १४ नुसार जीवाला तातडीचा धोका वाटत असेल तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवता येतं. "आधी आमच्याकडे का नाही आलात" हा आक्षेप इथे चालत नाही. महाराष्ट्रात यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय.

पत्रात प्रेसचा क्रमांक, टनेज, पाळी, कोणता गार्ड काढलाय, इंटरलॉक कुठे बायपास केलाय हे लिहा. "सुरक्षेची काळजी घेतली जात नाही" असं मोघम लिहिलं की निरीक्षक येईपर्यंत गार्ड जागेवर आणि तुम्ही खोटे.

नंतर बदली झाली, निलंबन झालं, तर २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती असते. वर्षाच्या आत अर्ज, ३० दिवसांत निर्णय, पटला नाही तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे. निलंबन असेल तर पहिले ९० दिवस अर्धं वेतन, चौकशी कामगाराच्या दोषाशिवाय लांबली तर पुढे ७५ टक्के.

काढून टाकलं तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर थेट न्यायाधिकरण. बडतर्फीपासून २ वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात ३ वर्षं होती. डोक्यात जुना आकडा घेऊन बसलेले इथे फसतात.

कलमकसाई
आणि प्रकरण समेटाला प्रलंबित असताना त्या वादाशी निगडित सेवाशर्ती मालकाला कामगाराच्या तोट्यात बदलता येत नाहीत, त्या वादातल्या गैरवर्तनासाठी लेखी परवानगीशिवाय काढताही येत नाही. म्हणून "काढून टाकल्यावर बघू" हे चुकीचं धोरण. धोका दिसला की वाद आधी नोंदवा, मग संरक्षण सुरू होतं.

महाराष्ट्रातल्यांनी १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित प्रथा कायदाही बघावा. सूडबुद्धीने काढणं त्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. कलम २८ ची मुदत ९० दिवस, कलम ३०(२) खाली अंतरिम आदेश मागता येतो. संहिता आल्यावर "हा मंच नव्हे, तो मंच" हा वाद समोरचा वकील काढणारच, म्हणून हालचाल ९० दिवसांतच करा. दोन्ही दारांच्या मुदतीत बसता.

परदेशी_पाहुणा
तुलनेसाठी: युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला आतली यंत्रणा हवी, ७ दिवसांत पोच, ३ महिन्यांत उत्तर, आणि सूड नव्हता हे मालकाने सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये काढल्यापासून ७ दिवसांत अंतरिम दिलासा मागता येतो. अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सलीखाली १८० दिवसांत कामगार खात्याकडे तक्रार.

खिडकीतला_बाबू
७ दिवसांत पोच! आपल्याकडे ७ दिवसांत "तुमच्या मेलबद्दल जरा बोलायचं होतं" असा फोन येतो.

मिटिंगचे_मिनिट्स
बाबू, त्या फोनवरही उपाय आहे. फोन ठेवल्यावर लगेच मेल: "आत्ताच्या बोलण्यात आपण अमुक सुचवलंत, माझी समज अशी झाली आहे, चुकीची असल्यास कळवावे." उत्तर आलं नाही तरी तारखेसकट नोंद राहते. सूड सिद्ध होतो तो याच तारखांच्या माळेतून: मार्चमध्ये "अपेक्षेपेक्षा सरस", जूनमध्ये तक्रार, ऑगस्टमध्ये "कामगिरी सुधार योजना". मागच्या तीन वर्षांची मूल्यमापनं हाताशी असणं वकिलाच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलतं.

कागदोपत्री
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. एक राहिलं. क ला एचआरने बोलावून "राजीनामा द्या, नाहीतर काढल्याची नोंद पडेल" असं सांगितलं तर?

कलमकसाई
सही करायची नाही. स्वेच्छेने दिलेला राजीनामा म्हणजे बडतर्फी नाहीच, मग दाद कशाची मागणार? दबावाखाली दिलाच तर त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, मेलने मागे घ्या आणि खोलीत कोण होतं, किती वाजता, काय बोललं हे लिहा. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्याआधी साधारणपणे मागे घेता येतो. सहा महिन्यांनी "दबाव होता" म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

लेजरबुवा
आणि निघायची वेळ आलीच तर शेवटचा हिशेब नीट वाचा. वेतन संहितेनुसार काढल्यावर किंवा राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, आणि तक्रार केली म्हणून ती जप्त करता येत नाही. तडजोडीच्या कागदात "मी कोणत्याही यंत्रणेकडे तक्रार केलेली नाही व करणार नाही" असं वाक्य घुसडलेलं असतं. ते खोडून सही करा. खोडू देत नसतील तर सहीशेजारी "हक्क राखून" लिहा, त्याच मिनिटाला फोटो काढा आणि प्रत मागून घ्या.

अनुराधा_१७
आणि भविष्य निर्वाह निधीचं पासबुक त्याआधी उतरवून घ्या. पगारातून कापलेली रक्कम भरलीच नाही असं दिसलं तर ती आणखी एक तक्रार, तिचं दार वेगळं.